डोमाभाऊंचा पाचोळा

फाल्गुन लागला की आमच्या कुरखेड्याकडच्या गावात जो तो सागाची पानं झाडून अंगणाबाहेर काढायचा. आणि माझे शेजारी डोमाभाऊ तीच पानं चाचपत टोपलीत भरून आपल्या अंगणात आणून पसरायचे. दवानं मऊ पडली की पुन्हा नवी, कडक. कुणी हसलं तर म्हणायचे, "पान बोलते बापा. माणूस नाई बोलत."

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मी शाळेवर नवा मास्तर होतो आणि स्वच्छतेच्या बाबतीत माझं डोकं जरा फिरलेलंच होतं.

त्या घरात माणूस खरंच बोलत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी डोमाभाऊंनी भागरताबाईंचा लाडका कोंबडा त्यांना न विचारता पाहुण्यांसाठी कापला होता. तेव्हापासून नवराबायकोत अबोला. स्वयंपाक झाला की बाई ओसरीच्या खांबाला सांगायच्या, "खांबा, भात वाढला म्हणाव त्याले." डोमाभाऊ मुकाट्यानं येऊन जेवायचे. पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी अबोला तसाच.

त्या वर्षी शेजारच्या गावात ठिणगी पाचोळ्यात पडली आणि दोन घरं जळाली. आमचीही छपरं गवताचीच. मग मीच खराटा घेऊन डोमाभाऊंच्या अंगणात शिरलो. ते आडवे आले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोहाचे दिवस सरू द्या मास्तर, मंग झाडा." मी कुठला ऐकतोय. अंगण लख्ख केलं आणि वर स्वच्छतेवर चार शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी डोमाभाऊ कुंपण धरून उभे.

"मास्तर, तुमाले दिसते. ती आली का पाहा ना. मोहफुलं वेचाले गेली हाये, अन् तिकडं अस्वल फिरून राह्यलं. रोज पानं वाजले का मले समजे, आली म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाई त्यांच्या मागून आत आल्या. डोक्यावर टोपली, पाय अनवाणी. झाडलेल्या भुईवर पावलाचा आवाज होईना. डोमाभाऊ अजून मलाच विचारत होते, "दिसली का?"

बाईंनी ते ऐकलं. अंगणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. टोपली खाली ठेवली. खांब दोन हातांवर होता, त्याच्याकडे त्या गेल्या नाहीत.

डोमाभाऊंच्या दंडाला धरून म्हणाल्या, "आली मी."