भक्कमराव हलके होतात

भक्कमराव चार महिन्यांची रजा संपवून कामावर परतले, तेव्हा कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं.

"कोण पाहिजे?"

"अरे, मी आहे!"

"मी म्हणजे कोण? आत सोडायचं तर नाव सांगा."

भक्कमरावांनी नाव सांगितलं. पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बरं. तुमचे मोठे भाऊ कसे आहेत आता?"

यात पहारेकऱ्याची काही चूक नव्हती. गेलेले भक्कमराव फाटकातून थोडे तिरके होऊन आत जात. आलेले भक्कमराव सरळ आत गेले, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वारा खेळायला जागा उरली. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया करून त्यांचं पोट चहाच्या कपाएवढं करून ठेवलं होतं. बायकोने वर्षभर पिच्छा पुरवला म्हणून ते तयार झाले होते. "गुडघे गेलेत, धाप लागते, झोपेत श्वास अडकतो. मला पांढऱ्या कपाळाने फिरायची हौस नाही," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. आता एका शाळकरी मुलाइतकं वजन त्यांच्या अंगावरून निघून गेलं होतं. घड्याळ मनगटावरून घसरून कोपरापाशी जाई, भर दुपारी थंडी वाजे, आणि चार चमचे सूप प्यायलं की मेजवानी झाल्यासारखी उचकी लागे.

कारखाना लाकडी खुर्च्यांचा होता आणि भक्कमराव तिथले तपासनीस होते. तपासणीची पद्धत मालकांच्या वडिलांपासून चालत आलेली. यंत्र नाही, काटा नाही. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर भक्कमराव बसायचे. आधी मधोमध, मग एका बाजूला कलून, मग मागे रेलून, मग मागच्या रांगेतल्या माणसाशी बोलायला वळावं तसे वळून. खुर्ची कुरकुरली तर ती परत मिस्त्रींकडे. गप्प राहिली तर पाठीवर खडूची खूण, आणि खुर्ची पास. 'ज्या खुर्चीवर भक्कमराव बसले, तिच्यावर जग बसेल,' असं मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. भक्कमरावांनाही या कामाचा भारी अभिमान होता. बसून पगार घेणारे पुष्कळ असतात, पण बसण्याचाच पगार घेणारे ते एकटेच होते.

पहिल्या दिवशी ते नेहमीसारखे बसत गेले. एकही खुर्ची कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर खडूची खूण खटाखट उमटत राहिली.

मालक खूश. "मिस्त्री, तुमच्या हाताला झालंय काय? पूर्वी दर ढिगात चार-पाच नापास व्हायच्या. आता एक नाही!"

मिस्त्री हे कारखान्यातले सगळ्यात जुने सुतार. त्यांनी आपल्या हातांकडे कौतुकाने पाहिलं. "अनुभव बोलतो, मालक," ते लाजत म्हणाले. भक्कमरावांनीही त्यांचं अभिनंदन केलं. खरं कारण तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते कारण आधी पोचलं वजन उचलणाऱ्यांच्या मंडळात. तिथे बक्षीस समारंभ होता. अध्यक्ष भाषण संपवून टाळ्यांच्या गजरात खाली बसले ते थेट जमिनीवरच. खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले.

"पैलवान माणूस, उडी मारून बसला असेल," मालकांनी तो विषय झटकून टाकला.

मग वाचनालयातून निरोप आला. तिथल्या बाई अंगाने अगदी काडी. त्या वाकून पुस्तक घेत होत्या, तेवढ्यात खुर्ची मोडली. आता मालकांना हा विषय झटकून टाकता येईना. त्यांनी भक्कमरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"भक्कमराव, परवा नाट्यगृहाची सगळी ऑर्डर जायची आहे. आपल्या कारखान्यातली आजवरची सगळ्यात मोठी. उद्या तू माझ्यासमोर बसायचंस. एकेका खुर्चीवर. त्यातली एक जरी पुढे मोडली, तर मला दुसरा तपासनीस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

भक्कमराव बाहेर आले ते घाम पुसत. थंडी कुठल्या कुठे पळाली होती. समोर एक नवीन खुर्ची होती, तिच्यावर ते बसले. ती गप्पच राहिली, तेव्हा काहीतरी मनात येऊन त्यांनी मिस्त्रींना हाक मारली. "मिस्त्री, जरा माझ्या मांडीवर बसा."

"काय?"

"बसा हो. कामाचं आहे."

मिस्त्री इकडेतिकडे बघून संकोचत बसले. खुर्ची कर्रर्र करून कुरकुरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही एकदमच कळलं. मिस्त्री उठले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. आठवडाभराच्या कौतुकावर पाणी पडलं होतं.

"मालकांना सांगून टाका," मिस्त्री म्हणाले.

"आणि मग? मला दुसरं काय येतं? जन्मभर बसलोय मी! आणि घरी काय सांगू? बायकोने मला बरं केलं, आणि बरा झालो म्हणून नोकरी गेली? ती स्वतःला बोल लावत बसेल."

मिस्त्री मनाने लोण्यासारखे. संध्याकाळी त्यांनी बैठकीच्या जाड कापडाचं एक जाकीट शिवलं. त्याला आत चौफेर खिसे आणि खिशांत खिळे. पोटावर खिळे, पाठीवर खिळे, कमरेला खिळे. माल तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं करून त्यांनी भक्कमरावांना पूर्वीच्या वजनाचं करून दिलं. वरून जुना ढगळ सदरा. सदरा पहिल्यांदाच अंगाला नीट बसला.

दुसऱ्या दिवशी मालक समोर स्टूल टाकून उभे राहिले. हो, उभेच. मालकांना बसलेलं कारखान्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. भक्कमराव बसत गेले. कुरकुर ऐकू यायला लागली. ही नापास, ती नापास, ही परत. मालकांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"वा! आज कसा जुना भक्कमराव दिसतोयस! तब्येत सुधारली बघ तुझी!"

निम्म्या खुर्च्या झाल्या आणि चार वाजले. उरलेल्या सकाळी करायच्या ठरल्या. भक्कमरावांना डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला जायचं होतं. बायको परस्पर दवाखान्यात येणार होती. ते निघाले ते चक्क शीळ घालत. रस्त्यात लोकांनी पूर्वीसारखी वाट दिली, ओळखीच्या पेपरवाल्याने हात केला. चार महिन्यांनी पहिल्यांदाच त्यांना आपण आपल्याच अंगात आहोत असं वाटत होतं. इतकं आपलंसं वाटत होतं, की जाकीट काढायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. काट्यावरचा आकडा पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"काटा बिघडला वाटतं. वहिनी, तुम्ही जरा उभ्या राहता?"

"माझं कशाला?" म्हणत बायको उभी राहिली. काटा बरोबर होता. तो बरोबर आहे हे बायकोने फारसं खुशीने कबूल केलं नाही, पण कबूल केलं. मग स्वतः डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. काटा तरीही बरोबर. मग पुन्हा भक्कमराव.

"अहो, महिन्याभरात सगळं वजन परत? हे शक्यच नाही!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "खरं सांगा, काय आहे पोटात?"

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की भक्कमराव एक पाऊल मागे सरले. तेव्हा कुठे त्यांना जाकीट आठवलं. घाबरलेला माणूस लांबण लावत नाही. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"खिळे."

"खिळे?"

"लोखंडी. मिस्त्रींनी दिले."

डॉक्टरीणबाईंनी सदऱ्यावरूनच त्यांच्या पोटावर हात दाबला. पोट दगडासारखं टणक लागलं आणि वर खणखण वाजलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नर्स! ऑपरेशनची खोली मोकळी करा!"

"कालपर्यंत दोन चमचे दही जड जात होतं हो यांना!" बायकोने हंबरडा फोडला. "माझं अन्न सोडून खिळे कधी खायला लागलात?"

शेवटी भक्कमरावांनी सदरा वर केला. नर्स हसू दाबायला बाहेर पळाली. भक्कमरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. पास झालेल्या खुर्च्या, वाचनालयातल्या बाई, मालकांचा इशारा, सगळं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत अंग टाकलं. "अहो, पोटाला आतून टाके आहेत. एवढं ओझं घेऊन उठाबशा काढल्यात? टाका उसवला असता म्हणजे? यापुढे बाजाराची पिशवीसुद्धा उचलायची नाही."

बायको एक शब्द बोलली नाही. वाटेतही नाही, घरीही नाही. तिच्या बोलण्याला भक्कमराव सरावलेले होते, गप्प बसण्याला नव्हते. सकाळी उठून पाहतात तो ती पायांत चपला घालून तयार. हातात चाकांची पिशवी, आणि पिशवीत जाकीट.

"अगं, कुठे?"

"तुमच्या कारखान्यात."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं नाही. तिचा चेहरा पाहून तोच बाजूला झाला. ती पिशवी खडखडवत थेट मालकांसमोर गेली. तिने जाकीट ओढून बाहेर काढलं आणि धाडकन जमिनीवर टाकलं.

"हा घ्या तुमचा तपासनीस," ती म्हणाली. "माझा नवरा मी घरी घेऊन चालले."

मालक गोंधळले. मग त्यांनी जाकीट उचलायचा प्रयत्न केला, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे तू रजेवरून आल्यापासून गेलेल्या सगळ्या खुर्च्या अर्ध्या माणसाने पास केल्या? भक्कमराव, आधी सांगायचंस की रे!"

"नोकरी जाईल म्हणून नाही सांगितलं," भक्कमरावांनी डोळे पुसले. "मला हे काम सोडून दुसरं काही येत नाही, मालक. आणि ते मला आवडतंही."

ते ऐकून बायकोचा राग थोडा उतरला. तिने पिशवीचं हँडल सोडलं. मालकही विरघळले, पण नाट्यगृहाचा ट्रक दुपारी यायचा होता आणि निम्म्या खुर्च्या तशाच उरल्या होत्या.

"वाळूची पोती ठेवू या का खुर्च्यांवर?" मालकांनी सुचवलं.

"नाही चालणार," भक्कमराव नाक पुसत म्हणाले. कामाचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप खणखणीत व्हायचा. "पोतं गप्प बसतं. माणूस चुळबुळ करतो. खुर्ची वजनाने नाही मोडत, चुळबुळीने मोडते. वजनदार माणूसच पाहिजे. आणि तो चुळबुळ्या पाहिजे."

सगळे विचार करायला लागले. मिस्त्री सडपातळ. रंगारी त्यांच्याहून बारीक. हळूहळू एकेकाची नजर एकाच दिशेला वळली. सगळ्यात शेवटी बायकोची.

"माझ्याकडे काय बघताय?" मालकांनी दोन्ही हात पोटावर ठेवले. ते दोन्ही हातांत मावत नव्हतं.

"बसा, मालक," भक्कमराव म्हणाले.

"मी आपल्या खुर्च्यांवर कधी बसत नाही. मला त्यांची भीती वाटते!"

"म्हणूनच बसा."

मालक डोळे मिटून बसले. "असं धप्पकन नाही," भक्कमराव म्हणाले. "उठा. पुन्हा बसा. आता डावीकडे कला. आता मागे वळा, मागच्या रांगेत तुमची मेहुणी बसलीये समजा. आणखी वळा. उठा!" वीस वर्षं ज्यांच्या हुकमाने ते उठले-बसले होते, ते आता त्यांच्या हुकमाने उठबस करत होते. तिसऱ्या खुर्चीने कर्रर्र केलं आणि मालक सपशेल जमिनीवर आले. पण आले ते हसत. "सापडली! मला सापडली!" ते लहान मुलासारखे ओरडले. दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या खुर्च्या संपवल्या. ट्रक वेळेवर गेला, आणि नाट्यगृहातली एकही खुर्ची मोडली नाही.

त्या दिवसापासून नवी पद्धत पडली. मालक बसणार, भक्कमराव बसवणार. भक्कमरावांच्या पगाराला धक्का लागला नाही, टाके सुखरूप राहिले, आणि बायको पुन्हा भरपूर बोलायला लागली. सगळं कसं छान झालं.

मग एके सकाळी मालक विजार वर ओढत आले. "भक्कमराव, गंमत बघ! पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. ना पथ्य, ना ऑपरेशन! नुसत्या या उठाबशांनी पोट उतरलं की रे!"

भक्कमरावांनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी मालकांना वळसा घालून मागून पाहिलं, पुढून पाहिलं. मग ते तडक फोनपाशी गेले आणि बायकोशी दबक्या आवाजात बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मालकांसमोर चार मजली डबा उघडला. वाफ निघाली. लोण्याचा वास मालकांच्या केबिनभर पसरला.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. घरून आलंय. नाही म्हणू नका, तिला राग येतो. तिचा राग तुम्ही पाहिलाय."

मालक जेवले. मनापासून जेवले. तिसऱ्या मजल्यापाशी त्यांनी हात आखडता घेतला. "बस रे, पोट भरलं."

"असं कसं भरलं? आणखी दोन घास."

"अरे, आता खरंच जात नाही!"

भक्कमरावांनी वाढण्याचा चमचा काठोकाठ भरला आणि तो मालकांच्या तोंडाशी नेला.

"मालक," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. आ करा."