सगुणाचं घर

बडोद्याहून आर्किटेक्ट होऊन जळकोटला परतताना मला वाटलं होतं, आप्पांनी माझी खोली झाडून ठेवली असेल. खोलीत खोकड निघालं आणि न्हाणीत मोर. दुष्काळात रानातली पोरकी पिल्लं लोक आमच्याच दारात आणून सोडत, आणि आप्पांना नाही म्हणता येत नसे. (मी खोली मागितली तेव्हा मात्र सहज म्हणता आलं.)

तरी मी डगमगले नाही. गावच्या सोसायटीतर्फे मजुरांची घरं व्हायची होती. तापत्या पत्र्यांऐवजी गार, स्वस्त, मातीची घरं द्यायची, या ध्यासानं मी परसात एक नमुना स्वतः राबून उभा केला. जाड भिंती, जमिनीत जरा खोल, दार बुटकं. संचालकांना पटला तर तशीच घरं होणार होती.

पाहणीच्या दिवशीच आप्पांनी पाळलेली तरसाची मादी, सगुणा, पिंजऱ्यातून निसटून माझ्या नमुन्यात जाऊन झोपली. आप्पा म्हणाले, "राहू दे. गार लागलंय तिला. उठवलीस तर चिडंल."

संचालक आले. मी नकाशे आणायला धावले. ते खोकडाच्या अंगाखाली असल्यानं वेळ लागला. तोवर आईनं पाहुण्यांना परसातल्या एकुलत्या सावलीत, म्हणजे सगुणाच्या रिकाम्या पिंजऱ्यात, सतरंजी टाकून बसवलं होतं. बांबूचा पिंजरा, वर तुराट्यांचं छप्पर, बाजूंनी ओली गोणपाटं.

चेअरमन नानासाहेब खुशीत होते. "पोरी, घर झकास. वारं लई खेळतंय."

मी भारावून झरोक्यांचं शास्त्र सांगितलं.

"ते कळलं. पर कडी बाहेरनं कशाला?"

माझ्या नमुन्याला कडीच नव्हती. मी गोंधळले, पण कबूल कसं करायचं? मी म्हणाले, तेवढी बदलता येईल.

"मग मंजूर. फकस्त त्या तरसाच्या बिळाला येवढं जाड बांधकाम कशापायी, ते तुझ्या बापाला, बंडप्पाला इचारतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बंडप्पांच्या परसात माणसासाठी काही बांधलं जाईल, हे गावात कुणाच्या मनातच येत नसे. मी घाईनं खुलासा केला, माझ्या नमुन्याकडे बोट दाखवलं. नानासाहेब बुटक्या दारातून वाकले, आतून सगुणा गुरगुरली, आणि ठराव एकमतानं पास झाला. पिंजऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हे लोक भुलले तरी कशाला, ते बघायला मी टेप घेऊन पिंजऱ्यात शिरले. वारं खरंच खेळत होतं. मापं घेत होते तेवढ्यात आई सवयीनं बाहेरून कडी घालून गेली. आप्पा येईपर्यंत विचाराला भरपूर सवड मिळाली, आणि मी ठरवून टाकलं: घरं आप्पांच्या पिंजऱ्यासारखीच करायची. माझ्या शिक्षणाची भर एकच. कडी आतून.