टँकर, सात डिस्का आणि दिगंबर भाऊजी

दुपारचे बारा वाजले होते, मोजणीचे साहेब तीनला येणार होते, आणि दिगंबर भाऊजींचा कॉम्प्युटर पोट उघडून बाजेवर आडवा पडला होता. भाऊजी शेजारी फरशीवर बसलेले, डोक्याला हात लावून.

"वहिनी, त्याला कार्डच दिसत नाय."

"मग त्याचे डोळे दाखवा कुणाला."

मी बोलले खरं, पण नजर माझीही घड्याळावर होती. बाहेर आमच्या गल्लीतल्या बारा घरांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या. रस्ता रुंद होणार होता. ठरलेल्या सालाच्या आधीपासून घर आहे असं जो दाखवील त्याला बदली जागा, बाकीच्यांनी सामान उचलायचं. मुकुंदवाडीत आम्ही सगळ्यांनी घरं बाँडपेपरवर घेतलेली. कुणाचा कागद वाळवीनं खाल्ला, कुणाचा घेऊन देणारा मेला. सबूत म्हणावा असा एकच होता, आणि तो भाऊजींच्या सात डिस्कांमध्ये होता. त्यातल्या तीन दिसत होत्या. चार दिसत नव्हत्या.

आता हा माणूस कोण ते सांगते.

दिगंबर भाऊजी माझ्या नात्यातले नाहीत. समोरच्या घरात राहतात, एवढंच. वाळूजला कंपनीत स्टोअर सांभाळायचे आणि सुट्टीला लग्नांची शूटिंग करायचे. शेकड्यानं लग्नं काढली, स्वतःचं एकही केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं?

मग ती कोरडी वर्षं आली. गावाकडची लग्नं पुढं ढकलली गेली. भाऊजींचा कॅमेरा रिकामा पडला. रिकामं बसणं त्यांना जमत नाही, म्हणून ते आमच्या टँकरची शूटिंग करायला लागले. टँकर आला की आम्ही बायका हंडे, ड्रम, पाइप घेऊन धावायचो आणि भाऊजी ओट्यावर उभं राहून कॅमेरा फिरवायचे. घरोघरचा दरवाजा, दरवाज्यातला ड्रम, ड्रमाशी उभी असलेली बाई, सगळं.

"हे कशाला?" शांताबाईनं विचारलं. शांताबाई माझ्या भिंतीला भिंत लावून राहते.

"सबूत," भाऊजी म्हणाले. "कोणाचा हंडा आधी, कोणाचा नंतर. उद्या भांडण झालं तर?"

भांडणं रोजच व्हायची, सबूत एकदाही कुणी मागितला नाही. पण त्यांचं प्रत्येक गोष्टीला तेच. भाजीवाल्यानं ताजी मेथी म्हटली की "सबूत?" डॉक्टरनं ताप उतरेल म्हटलं तरी "सबूत?"

शूटिंग भरून भरून कॉम्प्युटरच्या सात हार्ड डिस्का झाल्या. त्यांना ते गल्लीतल्या बायकांची नावं देत. शांताबाई नावाची डिस्क सावकाश चालायची. माझ्या नावाची सगळ्यात जास्त खडखडायची. "इंदूवहिनी तापल्या आज," असं ते खिडकीतून ओरडले की गल्लीभर हशा. डिस्का गार पडू नयेत म्हणून त्यांना लोकरीच्या कानटोप्या घालून कपाटात ठेवायचे. डिस्क तापल्यानं बिघडती, गारठ्यानं नाय, हे कॉम्प्युटरच्या दुकानदारानं त्यांना चारदा सांगितलं. त्यांनी त्यालाही सबूत मागितला.

तर त्या कॉम्प्युटरला डिस्का जोडायला चारच जागा. एक त्याच्या स्वतःच्या डिस्कला लागायची, उरल्या तीन. बाकीच्या बघायच्या तर आधीच्या काढायच्या, दुसऱ्या घालायच्या. काढ-घाल करून पिना ढिल्या झाल्या. फुल्या पडल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, आता एकेक हलवू नका, एखादी कायमची जाईल. एक कार्ड बसवा, चार जागा वाढतील. सगळ्या एकदम लावा."

कार्ड म्हणजे बोटाएवढी हिरवी पट्टी. एका काठाला सोनेरी दात, दुसऱ्या काठाला चार खोबणी. आतल्या मोठ्या पाटीवर एक लांब फट असते, तिच्यात हे दात दाबून बसवायचे आणि बाजूचा स्क्रू आवळायचा. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला कळलं.

हात लावायच्या आधी मात्र भाऊजी सगळ्यांना मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून यायला सांगत. अंगातली वीज जिरायला पाहिजे म्हणे, नाहीतर कार्ड मरतं. नळाला पाणी आठ-आठ दिवस नाही, पण हात लावायला रोज पाहुणे.

मीही नळाला हात लावून आले आणि वाकून बघितलं. कार्ड एका अंगानं नखभर वर उचललेलं होतं. डब्याचं झाकण बसलं नाही तर मला चार हातांवरून कळतं.

"हे बसलंच नाय."

"दोन तास दाबतोय, वहिनी!"

"दाबून काय होतंय? खाली काय अडकलंय बघा. काढा ते."

वायर भिंतीतून काढली, कार्ड काढलं. मी चष्मा पुसला आणि बॅटरीच्या उजेडात त्या फटीत बघितलं. तळाशी तांदळाची कणी रुतलेली. लाल. कुंकवात भिजलेली.

इथं मला गप्प बसता आलं असतं. खंडेनवमीला भाऊजी कॉम्प्युटरचा पत्रा काढतात. "पूजा आतल्या जिवाची करायची, पत्र्याची नाय," असं म्हणतात. घरात बाई नाही, म्हणून हळद-कुंकू आणि अक्षता वाहायला मला बोलावतात. म्हणजे ती कणी माझ्याच हातची.

"माझी अक्षता हाय ही," मी म्हटलं.

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, मग कणीकडं. "सबूत?"

"रेशनचा तांदूळ. एवढी बारीक कणी गल्लीत मलाच मिळती."

मी केसातला आकडा सरळ केला, त्याला पुन्हा नळाला लावून आणलं आणि कणी उकरून काढली. कोरड्या ब्रशनं कुंकू झाडलं. भाऊजींनी खोडरबरानं सोनेरी दात घासले. मग कार्ड ठेवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट्‌ असा आवाज आला. तो आवाज ऐकून शांताबाई दारातूनच म्हणाली, "बसलं गं बाई!"

कॉम्प्युटर चालू झाला. चौथी दिसली. पाचवी. सहावी. सातवी माझ्या नावाची, ती आधी खूप खडखडली आणि मग दिसली. भाऊजी उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या उघड्या डब्याला चक्क मुजरा केला.

तीनला साहेब आले. खुर्चीवर बसले. भाऊजी दाखवत गेले, साहेब लिहीत गेले. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख, मागं दरवाजा, दरवाज्यात बाई. पहिलं घर, दुसरं घर, शांताबाईचं, माझं. अकरा घरं झाली. गल्ली दारात दाटली होती, आणि प्रत्येक घराला आरोळी उठत होती.

"आणि तुमचं कोणतं?" साहेबांनी विचारलं.

भाऊजींनी माऊस खाली ठेवला. "माझं नाय आलं, साहेब. मी माझ्याच ओट्यावरून काढायचो ना."

मला तेव्हा समजलं की हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पंधरा दिवस हा माणूस कार्डासाठी शहरभर फिरला, कुणाला अवाक्षर बोलला नाही, आणि सातही डिस्कांत तो स्वतः कुठंच नव्हता. मला असा राग आला की काय सांगू.

"माझ्या नावाची डिस्क लावा," मी म्हटलं. "आणि आवाज मोठा करा. मी काय गप्प उभी राहणारी बाई हाय का?"

लावली. रांगेत मी, कमरेला पदर खोचलेला. कॅमेऱ्याकडं बोट करून ओरडतेय: "ओ दिगंबर भाऊजी! सोताच्या ओट्यावर उभं राहून काय बघता? तुमच्या घरातला हंडा कोण भरणार? द्या इकडं, मी भरते!" मग कॅमेरा हलला, आणि कोपऱ्यातून एक हात पुढं आला, हंडा घेऊन. हाताखाली त्यांच्या ओट्याची निळी पायरी.

साहेब हसले. बाहेर जाऊन पायरी बघून आले. निळीच होती. त्यांनी बारावं घर लिहिलं. गल्लीत फटाका नव्हता, म्हणून पोरींनी ताटं वाजवली.

सगळे गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, परत एकदा लावू का? तेवढंच, नावाचं."

"लावा की."

त्यांनी चार वेळा लावलं. मी बसून राहिले.

बदली जागा बाराही घरांना मिळाली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली; त्या टँकरच्या रांगेतल्या बायकांपैकी शांताबाई आणि मी, दोघीच उरलोय. नव्या जागेतही समोर दिगंबर भाऊजी आहेत.