गफूरभाई बिऱ्हाड हलवतात

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी चप्पल बाहेर काढणारा माणूस मी अख्ख्या मुरूम गावात एकच पाहिला, तोही कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. गफूरभाई. आत येऊन यंत्राकडं बघतील आणि म्हणतील, "झोपलंय न्हवं? मग हळू बोला, मालक."

माझ्या प्रेसमधलं डबडं झोपलं नव्हतं, मरायला टेकलं होतं. लग्नपत्रिका छापायचा प्रोग्राम फक्त त्यातल्या जुन्या विंडोजवर चालायचा. तो गेला असता तर ऐन लग्नसराईत प्रेसला कुलूप लागलं असतं.

"आख्खं बिऱ्हाड उचलून नव्या लॅपटॉपात ठेवू," गफूरभाई म्हणाले. "त्याला कळणार बी न्हाय, घर बदललं म्हणून."

"मग जाता जाता कचरा तेवढा काढून टाका की."

केवढ्यानं डाफरले! "दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं टाकावं? लई झालं, गप बसा!"

चार तास डबड्यातलं सगळं लॅपटॉपात उतरत होतं, आणि हा गडी चहालाही हलला नाही. मग लॅपटॉपवर एक चौकट उघडली आणि आईशप्पथ सांगतो, त्या चौकटीत माझा जुना कॉम्प्युटर! पडद्यावर तोच गणपती, त्याच जागी त्याच फायली. कधीच भंगारात घातलेला प्रिंटर सापडत नाही, हे रडगाणंसुद्धा तेच. मी चक्क हात जोडले.

त्यांचं लक्षच नव्हतं. "मागं कुणी ऱ्हायलं न्हाय न्हवं?" असं पुटपुटत ते जुन्यातल्या फायली नव्यात ताडून बघत होते. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर माझं डोकं फिरलं.

"अहो गफूरभाई, फायली आहेत त्या! माणसं आहेत का?"

ते थांबले. माझ्याकडं न बघताच बोलले.

"माकणीकडचं आमचं गाव भूकंपात पडलं. सरकारनं दुसरीकडं नवं गाव बांधून दिलं. म्या सहा वर्सांचा. अब्बांनी ट्रॅक्टरात सगळं भरलं, भांडी, खाटा, कोंबड्या. धाकटी भैन नूरी भूकंपातच गेलती, पर मला कुठं कळतंय? म्या आपला माणसं मोजतोय. एक जण कमी हाय, एक जण कमी हाय, म्हणून वरडतोय. कुणी गाडीच थांबवंना, मालक."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"जुन्यातली नावं तुम्ही वाचा," मी म्हणालो, "नव्यात मी बघतो."