नागप्पाकाकांचा मुआयना

नागप्पाकाका कुणाच्याही घरी आले की आधी माणसांकडे बघत नसत, चुलीकडे बघत. दारातून "मुआयना" हा तपासणीचा सरकारी शब्द तेवढा म्हणायचा, चपला काढायच्या आणि थेट स्वयंपाकघरात. तिथं वाकून राखेत बोट घालायचं. बोट भाजलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "बघा, जिवंत हाय," म्हणत ते तांब्यातलं पाणी चुलीत ओतत.

तेव्हा निजामाचा अंमल होता. कळंबच्या बल्दियाकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, आग विझवायला हातगाडीवरचं एक पिंप आणि हातानं दाबायचा पंप होता. दोन्हींचे रखवालदार नागप्पाकाका. उन्हाळ्यात गावभर कडब्याच्या गंजी रचलेल्या असत, म्हणून दुपारी घरोघरी फिरून चुली विझल्यात का ते बघायचं कामही त्यांच्याकडेच होतं. हुकूम फक्त बघायचा होता. ओतायचं त्यांनी स्वतःहून वाढवलं.

शेजारणीकडून विस्तव आणायचा तर खापरावर झाकण पाहिजे, असा त्यांचा कायदा. उघडा विस्तव नेणारी बाई दिसली की ते तांब्या पुढे धरून तिच्या दारापर्यंत मागे चालत. आमच्या गल्लीतली एक म्हातारी त्यांना चुकवायला एवढा वळसा घ्यायची की विस्तव वाटेतच विझायचा. काका त्यावरही खूश.

"भावजी, आमच्या चुलीला रोज आंघोळ घालता," आई एकदा म्हणाली. "तुमची चूल कोण बघतं?"

"माझी पेटतच न्हाय, वैनी. गावात बिनधोक घर एकच, माझं."

आई हसली. मीही हसलो असेन. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांची बहीण पलीकडच्या आळीतून भाकरी धाडायची, हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यांत फरक असावा.

पुढं मी हैदराबादला कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिलाच. सुटीत आलो तर काकांची फेरी बंद झालेली. एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याची भट्टी विझवली होती, पंगत बसायच्या वेळेला. बल्दियाच्या दरोग्यानं बजावलं, "पिंपापाशी बसा. कुणाच्या घरात शिरायचं न्हाय."

एका दुपारी काका आमच्या दाराशी येऊन थांबले. हातात भरलेला तांब्या होता. चपला मात्र पायातच.

"या की भावजी," आई म्हणाली.

"न्हाय वैनी. आता काम न्हाय."

"कामाबिगर माणूस येत न्हाय व्हय?"

"कसं यायचं?" काकांनी विचारलं.

ते चेष्टा करत नव्हते. मला वाटतं, त्यांना ते खरंच ठाऊक नव्हतं. ते उन्हात उभे राहिले आणि मग जायला वळले.

आई भाकरी थापत होती. तव्यावर एक भाजत होती, परातीत पीठ तसंच होतं. ती क्षणभर चुलीकडे बघत राहिली.

"भावजी, जरा चुलीकडं बघता का? मला आज भरवसा वाटत न्हाय."

काकांनी चपला काढल्या. "मुआयना," ते हळूच म्हणाले. आईनं तवा खाली उतरवला आणि काकांनी अख्खा तांब्या चुलीत ओतला. घरभर धूर झाला. आईनं पदरानं डोळे पुसले, अर्धी कच्ची भाकरी ताटात ठेवली आणि पाट मांडला.

काका बसले नाहीत. रिकामा तांब्या घेऊन उभेच राहिले. कोनाडा, शिंकं, पाण्याची उतरंड, सगळं सावकाश बघत राहिले.

"आजून काय पेटलंय का, वैनी?"

"बघते," आई म्हणाली. "तवर बसा."