साहेब काय खातात?

पाहुण्याला जेवायला कसं बोलवावं, हे माझ्याकडून शिकावं! आमच्या कंपनीत खुर्च्या बनतात, पण गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसतं ते माझ्या पाहुणचारामुळे. म्हणूनच एका मोठ्या इस्पितळाचे खरेदी अधिकारी येणार म्हटल्यावर आमच्या मॅनेजरनी जेवणाचं काम माझ्यावर सोपवलं.

"ही ऑर्डर मिळाली तर तुझं प्रमोशन पक्कं. घोटाळा करू नकोस!"

घोटाळा? आणि मी?

पाहुण्याचं पथ्यपाणी आधी विचारावं, हा माझा पहिला नियम. मी त्यांच्या सेक्रेटरीबाईंना फोन लावला.

"खुर्च्यांच्या कंपनीतून बोलतोय. ऑर्डरचं बोलायच्या आधी जरा विचारायचं होतं, तुमचे साहेब काय खातात?"

पलीकडून ताडकन उत्तर आलं, "आमचे साहेब खात नाहीत!"

"अजिबात?"

"अजिबात!"

"अहो, थोडंफार तर सगळेच खातात."

"इतरांचं मला सांगू नका!"

बिचाऱ्यांचं पोट नाजूक असणार! मी आवाज मऊ केला. "बाई, संकोच नको. कोपऱ्यातलं टेबल घेतलंय, कुणाचं लक्षसुद्धा जाणार नाही. तुम्हीही या, तुम्हालाही खाऊ घालू!"

फोन आपटला. मी जेवण रद्द करून सगळ्यांना नुसतं सूप सांगितलं. पाहुणा खात नसेल तर आपणही खाऊ नये, हा दुसरा नियम!

ठरल्या दिवशी मी आणि मॅनेजर हॉटेलात वाट पाहत होतो. साहेब आले ते एका दणकट गृहस्थांना घेऊनच. "हे आमचे दक्षता अधिकारी."

"वा!" मी म्हणालो. "तुम्ही तरी खाता ना?"

मॅनेजरना ठसका लागला. गृहस्थ टेबलावर वाकले. "साहेबांना काय देणार होतात?"

"सूप."

"सूप म्हणजे किती?"

"एक वाटी. साहेब हो म्हणाले तर दोन."

"वाटी म्हणजे लाख का?"

एवढ्यात वेटरनं चार वाट्या आणून ठेवल्या. गृहस्थांनी आपली वाटी चमच्यानं तळापर्यंत ढवळून पाहिली. साहेबांनी सूपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, मी लाच खात नाही! जेवतो भरपूर! सकाळपासून पोट रिकामं ठेवून आलोय!"

मग साग्रसंगीत जेवण झालं. खुर्च्यांची ऑर्डरही मिळाली! पाहुण्यांची गाडी वळेपर्यंत मॅनेजर हसत हात हलवत होते. ती वळली आणि ते माझ्याकडे वळले. प्रमोशनचं नाव काढू नकोस, इथपासून जी सुरुवात झाली ती पार ऑफिसच्या दारापर्यंत पुरली.

संध्याकाळी घरी आलो तर बायको वाटच पाहत होती. "काय मग, मोठ्या हॉटेलात काय खाल्लंत?"

"बोलणी!" मी म्हटलं.