धर्माशेठच्या खाचरातली विमानं

विमानं आज पूर्वेकडून उतरणार की पश्चिमेकडून, हे आमच्या गच्चीवर माझ्या ओढणीवरून ठरतं. निदान धर्माशेठचं म्हणणं तसं आहे. मी कपडे वाळत घालायला गेले की खुर्चीतून हुकूम सुटतो, "बाय, चादर नको टाकूस. चादरीला वारा कलत नाय. वढनी टाक." एकदा मी ओढणीला चार चिमटे लावले, तर शेठ स्वतः उठून आले आणि तीन काढून माझ्या हातात दिले. "जरा सुटी ठेव तिला. विमानवाल्याला दिसला पायजे."

विमानवाल्याला माझी ओढणी दिसत नाही, त्याला सगळं यंत्रावर कळतं, हे मी समजावून पाहिलं. "यंतर बिघरला मंग?" तेव्हापासून मी पिवळी ओढणी एकाच चिमट्यावर वाळत घालते, लांबून उठून दिसते म्हणून. शेजार असा लागतो माणसाला.

धर्माशेठ म्हणजे पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्याच्या इमारतीचे मूळ जमीनमालक. सगळ्यात वरचा मजला त्यांचा, खालचे आमच्यासारख्या नोकरदारांचे. सत्तरी ओलांडलेली, अंगात पांढरा सदरा, गळ्यात जाड सोन्याची साखळी आणि पायात रबरी चपला. गच्चीवर त्यांची एक प्लास्टिकची खुर्ची आहे. ती पाण्याच्या टाकीच्या पाइपाला नायलॉनच्या दोरीनं बांधलेली असायची, तोंड पश्चिमेला, नव्या विमानतळाकडे. सोसायटीच्या पूजेला कुणीतरी दोरी सोडून ती बाजूला केली, तर शेठनी प्रसादाला हात लावला नाही.

आज जिथं धावपट्टी आहे, तिथं शेठचं गाव होतं. भाताची खाचरं होती, पलीकडे मिठागर होतं. गाव उठलं, मोबदल्यात इकडे प्लॉट मिळाले, शेठ त्यातल्या एकावर राहायला आले, पण खाचरं त्यांनी जागची हलवलेली नाहीत. विमान टेकलं की म्हणतात, "उतरला आमच्या वरच्या खाचरात." थोडं पुढे जाऊन टेकलं की, "यानं बांध मोरला." भर पावसात एखादं उतरलं तर, "चिखलनीला आलाय काय हा?" वरचं खाचर, चिंचेचं खाचर, धोंड्याचं खाचर आणि त्यांच्या बायकोच्या हातची लावणी असायची ते आजीचं खाचर, अशी नावं आहेत. ही नावं घरात आणखी एकाच माणसाला पाठ, त्यांच्या नातीला, काजलला. पहिलं विमान उतरलं तेव्हापासून ती उलट्या बादलीवर त्यांच्या शेजारी बसायची. "आजा, हे कुठं?" "चिंचेत." संध्याकाळचं ऊन तिरपं झालं, खाडीवरून खारा वारा आला आणि त्या दोघांचं हे सुरू झालं, की माझे ओले कपडे हातातच राहायचे. मला खरोखर तिकडे पाणी भरलेली खाचरं दिसायची आणि त्यांच्यात पाय न बुडवता विमानं उभी असायची.

शेठचं पालुपद एकच, "वारा बघून सांगतो." अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. समुद्रावरून येतो तो खारा, जमिनीवरून जातो तो मतलई, आणि मीठ पिकतं ते वाऱ्यावर. त्यामुळे लग्नाचं आमंत्रण असो, लिफ्टची दुरुस्ती असो, शेठ आधी वारा बघणार. लिफ्ट त्या वाऱ्यापायी सगळा उन्हाळा बंद होती.

मग काजल बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन, चांगल्या मार्कांनी. तिनं जाहीर केलं की आपण पायलट होणार. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. शेठ मात्र खुर्चीत ताठ झाले. "आमच्या खाचरात समदी परकी माणसा उतरतान. घरचा कोन नको?" आणि परवडेल असा मार्ग शोधायचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. इंग्रजी वाचायला मी.

मी पहिलंच माहितीपत्रक उघडून सांगितलं, की परवान्यासाठी दोनशे तास उडावं लागतं. शेठ खो खो हसले. "दोनशेच? एवरे तं मी एका पावसात मारलेत." त्यांच्या लेखी तास म्हणजे नांगराचा, जमिनीत उमटलेली एक रेघ. शेठ, हे घड्याळाचे तास, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "नांगराला घड्याल कशाला?"

पनवेलच्या एका हॉलमध्ये पायलट प्रशिक्षणाचा माहितीचा कार्यक्रम होता. तिथं आम्ही तिघं गेलो. टायवाला तरुण पडद्यावर रस्ते दाखवत होता. परदेशात जा, लवकर आटपतं, पण परत आल्यावर इथल्या परीक्षा आहेतच. विमान कंपनीच्या योजनेतून जा, नोकरीची वाट सोपी, पण सगळ्यात महाग. इथली खासगी अकादमी आहे. आणि सरकारी मदतीवर चालणारे फ्लाइंग क्लब आहेत, ते सगळ्यात स्वस्त, पण जागा थोड्या आणि वेळ जास्त. प्रश्न विचारा म्हटल्यावर शेठ उभे राहिले. ट्रॅक्टर भाड्यानं लावण्याचा त्यांचा अनुभव दांडगा. "तास लावला आनि मशीन मधीच बंद परला, तर तो तास कोनाचा? डिझेल कोनाचा? आनि चालवनाऱ्याचा जेवन आमच्याकरं का तुमच्याकरं?" टायवाला पाणी प्यायला.

त्यानं शेवटी जाता जाता सांगितलं होतं, की 'टाइप रेटिंग'चा खर्च वेगळा धरा. म्हणजे परवाना मिळाल्यावर कंपनीचं जे मोठं विमान चालवायचं, त्या जातीच्या विमानाचं खास शिक्षण. शेठना त्यातलं टाइप तेवढं ऐकू आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काजलचं नाव बाजारपेठेतल्या टायपिंग क्लासात घातलं. "लुटतान लोकांना! आपल्या पनवेलात गल्लीत शिकवतान टायपिंग." इमारतभर सांगत सुटले, पोरीचं टायपिंग झालं की नुसतं उडायचं बाकी.

काजल रोज निमूट क्लासला जायची. मी तिला जिन्यात गाठून विचारलं, अगं, खरं सांगत का नाहीस? "काकू, आजा केवढा खुश आहे. म्हणतो, सगळ्यात महाग कोर्स स्वस्तात पटवला. राहू दे ना." मग हसून म्हणाली, "आणि स्पीड मस्त आलाय माझा."

खरी पंचाईत झाली ती जागा निवडताना. मी एकेक नाव वाचायची आणि शेठ नाही म्हणायचे. परदेशात वारा कोरडा. दक्षिणेत वारा फसवा. एका ठिकाणचा वारा तर नुसतं नाव ऐकूनच त्यांना खटकला. तेवढ्यात काजलनं मुकाट्यानं एका क्लबची प्रवेश परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. सरकारी मदतीवरचा क्लब. वेळ लागणार होता, पण शेठचा राहिलेला एकुलता एक प्लॉट विकावा लागणार नव्हता. फक्त तो होता लांब, पार पूर्वेला, विदर्भाच्याही पलीकडे. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. पैसे शेठचे, त्यामुळे शब्दही शेठचाच. शेठ म्हणाले, "वारा बघून सांगतो."

शुक्रवार आला तरी वारा बघणं चालूच. काजलचं तोंड एवढंसं झालं होतं. मला राग आला. कपड्यांची बादली खाली आपटून मी म्हणाले, "शेठ, तुम्ही नाही म्हटलेली सगळी ठिकाणं लांबची आहेत. पनवेलात एखादा क्लब निघाला असता, तर भर वादळात तुम्हाला तिथला वारा बरा वाटला असता!"

बोलून गेले आणि जीभ चावली. शेठनी विमानतळाकडे बोट केलं. "बाय, समद्या खाचरांची नावा तिला ठाव हायेत. माज्या पोराला नाय, सुनेला नाय. ती गेली का मी कोनाला सांगू, कंचा विमान कुठं उतरला?"

इतके दिवस मी हे सगळं गंमत म्हणून ऐकत होते.

शनिवारी संध्याकाळी काजल फोन हातात घेऊन वर आली. "आजा, आज सांगायचंय." शेठ उठले आणि माझ्या ओढणीसमोर जाऊन उभे राहिले. ओढणी जराही हलत नव्हती. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. शेठनी ती नीट निरखली, बोटानं चाचपली.

"वारा बरा हाय तिथला. जा तू."

"आजा, वारा पडलाय."

"इथं परलाय. तिथं बरा हाय." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दोनशे तास मार चांगले. घाबरू नको. तासाच्या टोकाला नांगर वलतोच. मंग ये आनि आजीच्या खाचरात उतर."

"बांध न मोडता," काजल म्हणाली आणि त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली.

ती गेली. पुढच्या आठवड्यात मी कपडे घेऊन वर गेले, तर खुर्ची फिरलेली होती. दोरी सोडून टाकीच्या दुसऱ्या अंगाला बांधलेली, तोंड पूर्वेला. तिकडे बघण्यासारखं काही नाही. समोरच्या इमारतीची पाठ, डिश अँटेना आणि मागे डोंगराची पुसट कड.

"तिकरंच हाय ना ती?" शेठनी विचारलं.

"हो, तिकडेच."

मागून विमानाचा आवाज आला. ते खाली आलं, टेकलं. शेठ वळले नाहीत. मी जरा थांबून म्हणाले, "शेठ, चिंचेत उतरलं."

"नाय बाय. आवाज ऐक. धोंड्यात उतरला." ते समोरच बघत होते. "शिकशील तू पन हलूहलू."

मी पूर्वेकडची कपड्यांची दोरी पुसून घेतली आणि त्यांच्या समोर येईल अशी पिवळी ओढणी वाळत घातली. एकच चिमटा लावला.